नंबरपट्टीखालचा रंग

रंगाच्या बाबतीत थोरला नाकावर माशी बसू देत नसे. दोघा भावांची जुन्या मोटारी दुरुस्त करायची शेड होती. इंजिन खोलणं, धुणं, जुळवणं धाकट्याकडे, आणि कुठल्या भागाला कुठला रंग हे ठरवणं थोरल्याकडे. तिथे कुणी नाक खुपसलेलं त्याला खपायचं नाही. "रंग विकत मिळतो, नजर मिळत नाही," हे वाक्य त्याने गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलं होतं की त्याच्या पाठीमागे उभा राहून धाकटा नुसते ओठ हलवून ते सोबत म्हणायचा.

त्या आठवड्यात टेबलावर साठ वर्षांपूर्वीच्या मोटारीचं इंजिन होतं. मालकीणबाईंची अट एकच, रंग कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसाच हवा. थोरल्याने नेहमीप्रमाणे ब्लॉकवरची पितळी नंबरपट्टी हलक्या हाताने उचकटली. बाकीचं इंजिन तेलाने आणि उष्णतेने काळं पडलं तरी पट्टीखाली नखाएवढा मूळ रंग टिकून राहतो. तो राखाडी होता, किंचित हिरव्याकडे झुकलेला. थोरल्याने त्याबरहुकूम उष्णता सोसणारा रंग कालवला आणि डबा बंद करण्याआधी ढवळायच्या काठीवर, रंग जिथवर पोचला होता तिथे, ब्लेडने खाच केली. ही त्याची जुनी सवय. दुसऱ्या दिवशी पातळी उतरलेली दिसली की किती थिनर उडालं ते कळतं.

सकाळी पातळी उतरली नव्हती, चढली होती. खाच रंगात बुडाली होती.

"माझ्या डब्यात काय घातलंस?"

धाकटा इंजिनाच्या सांध्यासाठी गास्केट कापत होता. त्याने मान वर केली नाही. "काही नाही. ढवळला फक्त."

"ढवळून रंग वाढतो होय रे? दुधासारखा उतू गेला का?" थोरल्याचा आवाज चढला. "तुला सायकलचं पंक्चर काढायला मी शिकवलं. आता तू मला रंग शिकवणार? पुन्हा माझ्या डब्याला हात लावलास तर मला दादा म्हणू नकोस."

"नाही लावत," धाकटा म्हणाला, आणि त्याने तो शब्द पाळला.

पण थोरल्याच्या डोक्यातून ते जाईना. आपल्या पाठीमागे हा रंगात लुडबुड करतो म्हणजे याला आपली जागा हवी आहे, एवढाच अर्थ त्याला लागला. याला एकदा तोंडघशी पाडायचंच, असं त्याने ठरवलं. त्याने नवा रंग कालवला आणि दोन डब्यांत अर्धा अर्धा केला. एक तसाच ठेवला, दुसऱ्यात लाल टाकायला लागला. बेत साधा होता. लाल इतकाच टाकायचा की फरक फक्त जाणत्याला दिसावा. मग धाकट्याला म्हणायचं, ओळख यातला खरा.

पाच थेंब टाकले. फरक पडेना. आणखी दहा टाकले. 'लाल शिळा झालाय, जोर गेला मेल्याचा,' असं पुटपुटत त्याने रंगवाल्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शेवटी झाकणभर ओतला. पत्र्याच्या दोन तुकड्यांवर दोन रंग लावले. लालवाल्याच्या मागे खिळ्याने फुली मारली. दोन्ही तुकडे भट्टीत भाजून घेतले, कारण हा रंग भाजल्याशिवाय आपलं खरं रूप दाखवत नाही, आणि थंड झाल्यावर दारातल्या चांगल्या उजेडात टांगले.

"ये इकडे," त्याने हाक मारली. "यातला पट्टीखालचा कुठला ते सांग."

धाकटा हात पुसत आला. त्याने एकदा तुकड्यांकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. थोरल्याला बरं वाटलं.

"तूच सांग ना, दादा."

"बघ आणि शीक," म्हणत थोरला पुढे झाला, आणि अडला. तुकडे टांगताना आपण कुठला कुठे लावला ते त्याच्या लक्षात नव्हतं. लक्षात ठेवायची गरजच काय होती? त्याने चष्मा पुसला. जवळ गेला, मागे सरला. दोन्ही तुकडे सारखे होते. एकाच डब्यातून काढल्यासारखे. धाकटा बाजूलाच उभा होता, काहीतरी बोलणं भाग होतं. त्याने डावीकडे बोट दाखवलं.

"हा."

"हो, तोच," धाकटा लगेच म्हणाला.

थोरल्याने तुकडा काढून उलटा केला. मागे फुली होती.

मग थोरला हळू आवाजात म्हणाला, "खोटं का बोललास?"

धाकटा पुसलेलेच हात पुन्हा पुसू लागला.

"बरं. म्हणजे दुसरा बरोबर आहे ना? तो मी नीट कालवलाय. पट्टीखालचा बघून."

"दादा, राहू दे आता."

"बरोबर आहे का नाही?"

"नाही," धाकटा म्हणाला. "हा विटेसारखा झालाय. आणि तो पानासारखा हिरवा आहे. दोन्ही चुकलेत."

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन वर्षं होतील."

तीन वर्षांत शेडमधून अकरा इंजिनं गेली होती. प्रत्येकाला थोरल्याने स्वतः दाराशी उभं राहून निरोप दिला होता. शेवटचं नेताना मालकाने त्याचा हात दोन्ही हातांत धरून सोडलाच नव्हता. त्याला भावाचा राग यायला हवा होता, पण आली ती फक्त लाज, आणि लाजेपेक्षा मोठी भीती.

"डॉक्टरकडे जाऊ," धाकटा म्हणाला. "उद्याच जाऊ."

"मी गेलो होतो," थोरला म्हणाला. "मागच्या वर्षी. मला वाटलं, तो म्हणतो तेवढं काही नाही. मला तर सगळं दिसतंय."

त्याने ढवळायची काठी पुसली आणि भावाच्या हातात दिली. त्या शेडमध्ये नवा माणूस आला की त्याला आधी गंज खरवडायला बसवत. थोरला कोपऱ्यात गेला, तारेचा ब्रश घेतला आणि इंजिनाच्या झाकणासमोर जमिनीवर बसला.

"दादा, ऊठ. ते मी करतो."

"तू रंग बघ," थोरला म्हणाला. "गंज हाताला कळतो."