कागदाचा पलंग

वैजयंतीनं खडूची रेघ पाण्याच्या टाकीपर्यंत ओढली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि ओरडली, "अहो राजाभाऊ, भिंतीतून काय येताय? दार तिकडे आहे!"

संत्रं सोलत सोलत थेट स्वयंपाकघरात घुसलेले शेजारचे राजाभाऊ दचकून मागे सरले आणि दाराच्या दोन खुणांच्या मधून अदबीनं आत आले.

"सॉरी हां वहिनी. बेल वाजवायला हवी होती."

दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या सोसायटीच्या गच्चीवर तीन रविवार हाच उद्योग चालला होता. भालचंद्र आणि वैजयंतीनं गुडगावला फ्लॅट घेतला होता, मार्चमध्ये ताबा मिळायचा होता. आता वीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईनं बिल्डरच्या वीतभर नकाशावर भरवसा ठेवावा, हे काही होण्यातलं नव्हतं. तिनं शाळेतून खडू आणले आणि अख्खं घर खऱ्या मापानं गच्चीवर आखलं. सामान मात्र वर्तमानपत्रांचं. मैद्याची खळ शिजवायची, पानाला पान चिकटवायचं, मापात कापायचं आणि कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवायचे. सोफा, फ्रिज, जेवणाचं टेबल, पुण्याला हॉस्टेलवर असलेल्या लेकीची, स्वानंदीची कॉट, सगळं कागदाचं. आठवडाभरात रेघा पुसल्या जायच्या, रविवारी ती पुन्हा ओढायची.

राजाभाऊंनी सगळ्या खोल्या हिंडून पाहिल्या.

"आणि भालचंद्ररावांचं लिहायचं टेबल कुठाय? खिडकीखाली लागतं ना त्यांना? नाहीतर घर डोक्यावर घेतील."

"कापायचं राहिलंय," वैजयंती म्हणाली आणि फ्रिज उगाचच दोन बोटं सरकवला.

राहिलंबिहिलं काही नव्हतं. पहिल्या रविवारी ती टेबल खरंच विसरली होती. नवरा वर आला तेव्हा लक्षात आलं, आणि आता आपली काही धडगत नाही, असं तिला वाटलं. कारण माणूस कसा, तर बारा वर्षांपूर्वी या घरात राहायला आले तेव्हा फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडावं यावरून त्यानं तीन दिवस अबोला धरला होता. टेबलासाठी खिडकीखालचा दिवाण स्वतः ओढत बाहेर काढला होता. त्या माणसानं टेबल नसलेल्या खोलीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "छान आहे."

दुसऱ्या रविवारी तिनं पुस्तकांचं कपाट मुद्दाम मांडलं नाही.

"बिल्कुल ठीक आहे," तो म्हणाला आणि कमरेचा पेजर पाहिला.

गुडगावच्या परदेशी कंपनीत लागल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, भालचंद्र सोमवारी जायचा तो शुक्रवारी यायचा. मधल्या चार रात्री कंपनीच्या गेस्टहाऊसवर. रोज सगळी दिल्ली ओलांडून कोण ये-जा करणार, तो म्हणायचा, आणि तिला ते पटायचं. म्हणून तर हा फ्लॅट. ऑफिसपासून दहा मिनिटं. माणूस रोज घरी जेवायला येईल, एवढ्यावरच तिनं राहतं घर मोडायला काढलं होतं. पण शुक्रवारी घरी येणारा माणूस हल्ली कशालाच नाही म्हणत नव्हता. भाजी अळणी झाली तरी नाही. तिला भांडण हवं होतं. बाबा रे, एकदा तरी माझ्यावर खेकस, असं तिला अगदी रडकुंडीला येऊन वाटायचं.

खालून बायकोची हाक आली तसे राजाभाऊ सालं मुठीत घेऊन गेले. वैजयंती आतल्या खोलीत आली. तिथं पलंग होता. साडेसहा बाय सहा, डबल. तो चिकटवायला तिच्या दोन संध्याकाळी गेल्या होत्या. तिनं जिन्याच्या दाराकडे पाहिलं. मग खाली बसून कोपऱ्यांवरचे तुकडे काढले, पलंगाची एक बाजू उचलली आणि दुसरीवर दुमडली.

आता तीन फूट उरला. एका माणसाचा. आता तर बोलेल. कुठलाही नवरा बोलेल.

भालचंद्र वर आला तो दोन कप चहा घेऊन. तेवढं तो अजून करायचा. दारातून आत आला, चपला सांभाळत, कुठल्याही रेघेवर पाय पडू न देता. एक कप तिच्या हातात दिला.

"बघा," ती म्हणाली. "काही चुकलंय का सांगा."

त्यानं पाहिलं. आज खरंच पाहिलं. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, स्वानंदीची खोली, आणि शेवटी या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. पलंगाजवळ उकिडवा बसला, कप बाजूला ठेवला आणि वितीनं रुंदी मोजली.

"पलंग..." तो म्हणाला.

"काय झालं पलंगाला?"

"नाही, ठीक आहे. तुला पुरेल."

खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"ऑफिसपासून दहा मिनिटांवर आहे हो हे घर," वैजयंती म्हणाली.

"माहीत आहे," तो हळूच म्हणाला. तिच्याकडे न बघता.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. दुमडलेली बाजू फडफडली, अर्धी उचलली गेली. भालचंद्रनं चटकन तळवा टेकवून ती दाबून धरली, दुसऱ्या हातानं विटांचे दोन तुकडे ओढले आणि घडीवर नीट, सारख्या अंतरावर ठेवले. हात झटकले.

"आता नाही उघडायचा," तो म्हणाला.

मग त्यानं आपला कप उचलला आणि जिन्याकडे निघाला. दाराच्या खुणा डावीकडे होत्या. तो सरळ चालत गेला, भिंतीतून.

वैजयंतीनं चहा खाली ठेवला आणि खडू घेऊन, त्याच्या चपलेनं पुसली गेलेली भिंत पुन्हा ओढायला बसली.