डिकीतला पाचवा टायर

मी पाचवा टायर बोलतोय. आवाज दबका आला तर सांभाळून घ्या. माझ्या अंगावर पुठ्ठ्याची फळी आहे, फळीवर गालिचा, गालिच्यावर चष्म्यांची खोकी आणि त्याच्यावर डिकीचं बंद झाकण. लोक मला स्टेपनी म्हणतात. माझ्या चार भावांना कुणी वेगळं नाव ठेवलं नाही, ते नुसते टायर. मला वेगळं नाव पडलं तेव्हाच शंका यायला हवी होती.

आम्ही पाचही जण एकाच दिवशी, एकाच साच्यातून निघालो. अंगाला ताज्या रबराचा वास होता, नक्षीच्या कडा धारदार होत्या. चौघांना गाडीखाली लावलं. मला उचललं तेव्हा वाटलं, आली आपली पाळी. तर मला डिकीतल्या गोल खड्ड्यात घातलं, मधोमध बोल्ट आवळला आणि वरून फळी टाकली. माझा गुन्हा काय होता, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

गाडी घेतली शांतीलाल पाटलांनी. तापीकाठी, प्रकाशाजवळच्या गावात त्यांची केळी आणि उसाची शेती. माणूस भला, पण चांगली वस्तू वापरायची नाही, ठेवून द्यायची, ही त्यांची खोड. घरातली नवी ताटं कपाटात आणि जेवण जुन्या ताटांत. पुढच्या चौघांची नक्षी झिजायला लागली तेव्हा त्यांचा मुलगा ललित म्हणाला होता, "बापू, पाचवाले बी फिरतं ठेवूत." शांतीलाल म्हणाले, "नवा शे तो. ऱ्हाऊ दे. कामाले येई."

झालं. मी राहिलो.

चार वर्षांत मी काय काय सोसलं! केळीच्या लोंगरांचा चिकट रस, खताच्या गोणीचा दर्प, लग्नाच्या बस्त्याची गाठोडी, एकदा तर जिवंत कोंबड्यांची पाटी. दसऱ्याला अंगणात गाडीची पूजा व्हायची. रुक्मिणीबाई, म्हणजे शांतीलालांच्या पत्नी, चारही चाकांना हळदकुंकू लावायच्या, फूल वाहायच्या. मला आत नुसता उदबत्तीचा वास यायचा. चार वर्षांत एकदाही कुणाला आठवलं नाही की या गाडीला पाचवं चाक आहे.

याच चार वर्षांत घरात मोहिनी आली, ललितची बायको. ती डोळे तपासते. डॉक्टर नव्हे, पण नंबर काढून चष्मा देण्याचं शिक्षण तिनं सुरतेला घेतलं होतं. एका संस्थेतर्फे आठवड्यातून दोनदा ती धडगावकडच्या आश्रमशाळांमध्ये जायला लागली. स्वतः गाडी चालवत, एकटी. तिची भिंगांची पेटी माझ्या डोक्यावर असायची. घाटातल्या प्रत्येक वळणाला ती पेटी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकायची आणि मला कळायचं, आता डावं वळण, आता उजवं. एवढाच माझा रस्ता.

शाळेत डिकी उघडली की पोरांचा गलका आत यायचा. कुणाला फळ्यावरचं दिसत नसायचं, कुणाला सुईत दोरा ओवता यायचा नाही. मोहिनी त्यांना दूरवरची अक्षरं वाचायला लावायची. पंधरा दिवसांनी ती चष्मे घेऊन गेली की ज्याचा चष्मा त्याच्या नाकावर चढायचा आणि गलका एकदम थांबायचा. त्या शांततेसाठी मी ते पेटीचं ओझं आनंदानं सोसत होतो.

या फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी घाट चढताना डाव्या मागच्या बाजूला फट्ट आवाज झाला आणि गाडी लंगडायला लागली. बोटभर लांब खिळा माझ्या भावाच्या पोटात घुसला होता. थांबायला धड जागा नव्हती, म्हणून मोहिनीनं गाडी तशीच थोडी पुढे नेली आणि त्यात त्या बिचाऱ्याच्या चिंध्या झाल्या. भाऊ गेला, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.

डिकी उघडली. फळी निघाली. डोळे दिपवणारा उजेड आत आला. मोहिनीनं बोल्ट सोडवला, दोन्ही हातांनी मला उचललं आणि जमिनीवर उभं केलं. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याखाली माती आली. हवा ठणठणीत होती, अंग कोरं होतं. मी तयार होतो.

तिनं जॅक शोधला. माझ्या खड्ड्याशेजारी जॅकची आणि पान्याची जागा असते. ती जागा रिकामी होती.

ते दोन्ही कुठे गेले, मला ठाऊक होतं. ऊसतोडीच्या दिवसांत शांतीलालांच्या ट्रॉलीचा पुढचा टेकू मोडला. रिकामी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवली की तिचा दांडा जमिनीवर आदळायचा. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे ऊस न्यायची घाई, नवा टेकू करून घ्यायला सवड कुणाला? शांतीलालांनी डिकी उघडली, जॅक आणि पाना काढला, पाना खिशात घातला आणि जॅक दांड्याखाली उभा केला. काम झकास झालं. मग तो जॅक तिथेच राहिला. हंगाम पुढे चालू होता आणि त्यांच्या डोक्यातून ही गोष्ट पार निघून गेली.

घाटात फोनला रेंज नव्हती. मोहिनीनं दगड रचून पाहिले, एका ट्रकवाल्याला थांबवलं, पण त्याचा जॅक इतका उंच की गाडीखाली शिरेना. वर डोंगरात जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याकडे तिनं ललितचा नंबर दिला, वर रेंज मिळाली की जॅक घेऊन ये म्हणून कळवायला. जवळच्या पाड्यावरच्या दिवलीबाई डोक्यावरचा लाकडाचा भारा खाली टाकून तिच्याजवळ बसल्या. घरी पावरी बोलणारी बाई, मराठी मोडकं. "तू एकली नको बसू. मी बसते," म्हणाल्या. आणि बसल्या, तीन तास. मीही त्या दोघींच्या शेजारी गाडीला टेकून उभा होतो, काही उपयोग नसलेला.

ऊन कलताना ललित शेजाऱ्याचा जॅक आणि पाना घेऊन आला. मला लावलं. मोहिनीनंच गाडी खाली आणली. काय सांगू त्या प्रवासाचं! डांबर गरम होतं, खडी टोचत होती, वळणावर अंगाला ताण बसत होता, आणि मला प्रत्येक टोचणी हवीहवीशी वाटत होती. माझ्या मागे धूळ उडते, हे मी त्या दिवशी पाहिलं. घर येऊच नये असं वाटत होतं.

घर आलं. दारात रुक्मिणीबाई उभ्या होत्या. "मन्हा जीव टांगणीले लागेल व्हता वं पोरी," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. शांतीलालांनी मोहिनीच्या हातातली किल्ली घेतली आणि खुंटीला अडकवली. "आते बस. पंचर व्हवावर बी गाडी थांबाव नही, असा टायर भेटना तर जाजो. नही तर घर बस."

"जॅकच नव्हता गाडीम्हा," ललित म्हणाला.

"चोरी गया व्हई," शांतीलाल म्हणाले आणि हातपाय धुवायला निघून गेले. मला वाटतं, तेव्हाच त्यांना आठवलं होतं.

अकरा दिवस गाडी अंगणात उभी. मी चाकाला लागलेला, खाली जमीन, समोर रस्ता, आणि एक इंचही हलायचं नाही. डिकीत बत्तीस चष्मे बंद पडून होते, प्रत्येकावर मोहिनीच्या अक्षरात एकेका पोराचं नाव. शाळेतून फोन यायचे. ती अंगणात येऊन हळू आवाजात सांगायची, "पुढच्या आठवड्यात बघते." मग गाडीला एक फेरी मारून आत जायची. संस्थेनंही कळवलं होतं, महिनाअखेरपर्यंत जमत नसेल तर त्या शाळांसाठी दुसरं माणूस नेमावं लागेल. खुंटीवरची किल्ली ती मागत नव्हती आणि कुणी देत नव्हतं.

ललित रोज फोनवर टायरांचे व्हिडिओ बघायचा. शेवटी बाराव्या दिवशी तो, मोहिनी आणि शांतीलाल असे तिघं गाडी घेऊन शहाद्याला शिवाजीभाऊंच्या टायरच्या दुकानात आले.

शिवाजीभाऊंनी नीट समजावून सांगितलं. "दोन जाती शेतस. एक रनफ्लॅट. त्यानी भिंत इतकी कडक ऱ्हास का हवा गई तरी गाडीनं वजन पेलस. हळूहळू ऐंशी किलोमीटरलोंग चालस. स्टेपनीनी गरजच नही. पण हाडं खिळखिळी व्हतस, आनि हवा कमी व्हयनी ते सांगनारा दिवा गाडीम्हा बसाडना पडस. सुरतथून मागाडना पडी. दुसरा आपोआप भरनारा. आतून चिकट थर ऱ्हास. खिळा घुसना का तो थर छेदले लपेटी लेस, हवा बाहेर येत नही. पण बाजूनी भिंत फाटनी तर त्याना इलाज नही. तठे स्टेपनीच पाहिजे."

"रनफ्लॅट," शांतीलाल लगेच म्हणाले. "उतरानं कामच नको."

"मंग तुमनी स्टेपनी माले द्या," शिवाजीभाऊ म्हणाले. "धडगावना एक जीपवालाले हाऊच साइज पाहिजे. रोज दोन फेऱ्या मारस."

रोज दोन फेऱ्या! घाट चढायचा, घाट उतरायचा, रोज! माझ्या अंगातली हवा हलली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, घ्या रनफ्लॅट, घ्या, आम्हा चौघांच्या जागी काय हवं ते लावा, पण मला जाऊ द्या.

आता मोहिनी पुढे झाली. तिनं विचारलं, "शिवाजीभाऊ, घाटम्हा दगडं काय करतस?"

"दगडं भिंतच फाडतस, ताई."

"आनि भिंत फाटावर रनफ्लॅट?"

"तो बी कामना नही ऱ्हास. स्टेपनी नही, डोंगरम्हा आडकी पडनं तर नवा लगेच कोठे भेटी? सुरतनी वाट दखनी पडी. ह्या दुसरा मी येच आठवडाम्हा आनी देस."

"मंग हाऊ दुसराच. चारी. आनि स्टेपनी राहू द्या." मग ती सासऱ्यांकडे वळली. "बापू, माले रस्तावर उतरानी भीती नही वाटत. माले घर बसानी भीती वाटस. त्या दिन स्टेपनी व्हती, हवा व्हती, मन्हा हात व्हता. जॅक व्हता तर अर्धा तासम्हा मी शाळाम्हा ऱ्हाती."

शांतीलालांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"जॅक चोरी नही गया," ते म्हणाले. "मी ट्रॉलीना दांडाखाल लायेल शे. अकरा दिन माले माहीत व्हतं. तुले घर बसाडं, पण मन्ही चूक शे इतलं तोंडथून निंघनं नही."

मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. शांतीलालांनी गाडीची किल्ली काढली, तिच्या हातात ठेवली आणि मोटारसायकल मागून घेऊन जॅक आणि पाना आणायला शेतावर गेले.

चार दिवसांनी नवे टायर आले. मोहिनीनं शिवाजीभाऊंना बाजूला उभं केलं. त्याच जॅकनं गाडी उचलली, पान्यावर पाय देऊन नट सैल केले आणि मला स्वतः उतरवलं. शिकण्यासाठी दोनदा चढवलं, दोनदा उतरवलं. शांतीलाल शेजारी बसून नट धरत होते. मग तिनं मला पुसलं, हवा मोजली, डिकीतल्या खड्ड्यात ठेवलं आणि बोल्ट आवळला. वर फळी आली. जीपवाल्यानं दुसरा टायर घेतला म्हणे.

त्यानंतरच्या मंगळवारी बत्तीस चष्मे घाट चढून गेले. डिकी उघडली, गलका आत आला आणि थोड्या वेळानं ती शांतता झाली. एक मुलगी ओरडली, झाडाला पानं वेगवेगळी आहेत! सगळे हसले. मी अंधारात होतो.

आता माझी स्थिती सांगतो आणि तुमचा वेळ घेणं थांबवतो. दर महिन्याला मोहिनी मला बाहेर काढते, हवा बघते आणि पुन्हा आत ठेवते. अंगावर आता शिरा उमटायला लागल्यात. टायर नुसता पडूनही म्हातारा होतो, हे लोकांना सांगावं लागतं. तुमच्याही डिकीत माझा एखादा भाऊ असेल. आजच फळी उचलून बघा. त्याला हवा द्या, त्याचा जॅक जागेवर आहे का पाहा.

आणि माझी एक इच्छा आहे, ती तुम्हाला सांगावी की नाही, कळत नाही. घाट लागला की मला वाटतं, आज एखादा दगड नव्या टायरच्या भिंतीला लागावा. मी बाहेर येईन, माझ्याखाली डांबर असेल. तेवढ्यात वरच्या खोक्यात चष्मे खळखळतात. शाळा अजून बारा किलोमीटर आहे, पोरं फाटकाशी येऊन उभी असतील. मग मी त्या दगडाला मनातून हात जोडतो आणि म्हणतो, बाबा, बाजूला हो, तिला जाऊ दे.