धरलेलं मनगट

माझ्या लेकीचं, दिपालीचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. त्याच डिसेंबरात वर्ध्याच्या एका मंगल कार्यालयात मौनी महाराज आले आणि पाय ठेवायला जागा उरली नाही. नाव मौनी, तोंड मात्र अखंड चालू. न बोलणाऱ्या स्वमग्न मुलाचं ते मनगट धरत, मुलाचं बोट अक्षरांच्या पाटीवर फिरे आणि शिष्य ओरडे, "आत्मा बोलला!"

माझा नातू सुश्रुत अकरा वर्षांत एक शब्द बोलला नव्हता. पाटीवर आलं, 'बाबा, तुम्ही मले आवडता.' माझा मुलगा नीलेश ढसाढसा रडला. मग आलं, 'गोळ्या बंद.' मिरगीच्या गोळ्या नीलेशनं तिथंच फेकल्या.

तेव्हा आमचा नालवाडीचा शेजारी अश्वजित उठला. तोही स्वमग्न. स्वमग्न मुलांच्या पालकांच्या ज्या संस्थेनं महाराजांना आणलं होतं, तिथं तो खुर्च्या मांडायचा. कार्यकारिणीत त्याला खुर्ची नव्हती.

"सुश्रुत पाटीकडे पाहूनच नाई राह्यला."

"खाली बस बे!" अध्यक्ष खेकसले. "तूच पेशंट, तू काय सांगतं?"

"मी बिमार नाई. मिरगीले गोळी लागते. स्वमग्न असण्याले नाई लागत."

महाराज हसले. "घे बाळा, परीक्षा घे! आत्म्याले कायचं भेव?"

अश्वजितनं पिशवी उघडून आधी सुश्रुतला आत दाखवलं, मग महाराजांना. पाटीवर आलं, 'कुलूप'. टाळ्या पडल्या. अश्वजितनं पिशवी उलटी केली. कुलपासोबत एक संत्रं घरंगळलं.

"पिशवीले दोन कप्पे हायेत. कुलूप महाराजाले दाखवलं. सुश्रुतले संत्रं."

सुश्रुत संत्र्याकडे झेपावला.

"मंग 'आवडता' कोणं लिवलं?" नीलेशचा आवाज फाटला.

"महाराजानं. पण दादा, तो रोज तुमच्या चपला घालून दारात बसते न? ते त्याचं सोताचं हाय."

महाराज मागच्या दारानं गेले. पाटी मात्र नीलेशनं घरी आणली. ते एक वाक्य त्याला सोडवेना. "गोळी चालू करू काय रे?" तो विचारायचा आणि स्वतःच पोराचं मनगट धरायचा. 'नको' यायचं. मी भांडले, अश्वजित रोज येऊन सांगून गेला. नीलेशनं ऐकलं नाही.

मी म्हातारपणी अक्षरं शिकले. बाई हात धरून गिरवून घ्यायच्या, तेव्हा पाटीवर बाईंचंच अक्षर उमटायचं. धरणाऱ्याच्या मनातलं उतरतं, कधी त्याच्याही नकळत. म्हणून सांगते, कोणी चमत्कार दाखवला तर आधी त्याचे डोळे बांधा. आणि ज्या लेकरांसाठी संस्था काढता, त्यांच्यासारख्यांनाच आधी खुर्ची द्या.

सुश्रुत चार फेब्रुवारी दोन हजार चोवीसला, रविवारी सकाळी, मिरगीच्या झटक्यानं गेला. बापाच्या चपला त्याच्या पायात होत्या.