रंगाऱ्याच्या बोटावर

बोट पुढे करा मित्रांनो, घाबरू नका, मी चावत नाही. मी एक जुना चिमटा आहे. बोटाला लावला की रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगणारा ऑक्सिमीटर. कारखान्यात माझे हजारो भाऊबंद तयार झाले. माझ्या वाट्याला घर आले ते भिंती रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याचे.

आलो तेच वाईट दिवसांत. साथीची पहिली लाट होती, लस अजून निघायची होती. रंगाऱ्याच्या बोटावर मी ब्याऐंशी दाखवले आणि त्याच्या लेकीच्या तोंडचे पाणी पळाले. तीन आठवडे तो दवाखान्यात होता. घरी परतला तेव्हा चार पायऱ्या चढूनच खाली बसला.

पुढे लस आली. त्याने दोन डोस घेतले. बूस्टरला मात्र तो अडून बसला.

"विषाणूनं रूप बदललंय. जुनी लस त्याला काय ओळखणार?"

"पूर्ण नाही, पण ओळखते काका," लस द्यायला आलेल्या नर्सताई म्हणाल्या. "लागण होणारच नाही, असं मी म्हणत नाही. पण आजार सहसा छातीपर्यंत जात नाही. आधीच्या डोसांचा जोर ओसरलाय, तो पुन्हा वाढवायचा."

कुरकुरत का होईना, त्याने दंड पुढे केला.

तीन महिन्यांनी त्याला ताप आलाच. साथीचाच, नव्या रूपातला.

"बघ, एवढं टोचून घेतलं, सगळं मुसळ केरात!" तो लेकीवर करवादला.

तिने मला लावले. मी सत्त्याऐंशी दाखवले. मागचे सगळे तिच्या डोळ्यांसमोर आले. पुन्हा दवाखाना, पुन्हा ते तीन आठवडे! तिने नर्सताईंना फोन लावला.

"धाप लागलीय का त्यांना?"

"नाही. माझ्याशी भांडतायत."

"मग नखं बघ बरं. रंग लागलाय का?"

आदल्या दिवशीच त्याने एक दार गडद निळे रंगवले होते. त्या रंगाने मला चकवले होते. लेकीने नख टर्पेंटाइनने पुसले, हात धुतला, मला पुन्हा लावले. सत्त्याण्णव! ती रडूच लागली.

"रडतेस काय? मलाही बघू दे की," रंगारी म्हणाला आणि त्याचेही डोळे भरले.

चार दिवस ताप राहिला, छाती मात्र मोकळी राहिली. पंधरवड्याने तो शिडीवर चढला. आता भेटेल त्याला सांगतो, "या चिमट्यानं वाचवलं." मला फार संकोच वाटतो. त्या डोसाचे आणि तो देणाऱ्या हातांचे उपकार मी विसरलेलो नाही.

मित्रांनो, मला ठेवून देताना माझे सेल काढा, लावताना नख पुसा. आणि डोसाची वेळ आली की टाळाटाळ करू नका. आकडा दाखवणे एवढेच माझे काम. तो चांगला करणे मला कधीच जमले नाही.