चहा एकदाच विचारणारा माणूस

"चहा घेणार?" योस्टनं विचारलं.

"छे, नको. उगाच कशाला," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला आणि खाली बसला.

बसला तो बसलाच. किटलीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आमच्या आयर्लंडातल्या मेयोत पाळण्यातल्या पोरालाही कळतं, पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा म्हणायचं, तुम्हाला त्रास नको. तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, अर्धाच कप. अर्धा म्हणजे काठोकाठ, आणि सोबत केक. हा हॉलंडचा माणूस इतकी वर्षं आमच्यात राहून विलो झाडाच्या फोकांच्या टोपल्या विणतोय, आणि एवढं शिकला नाही. घसा कोरडा घेऊन बसले मी, कोट अंगावरच ठेवून.

टॅन्सी माझ्या खुर्चीमागे भिंतीला चिकटून थरथरत होती. शर्यतीची कुत्री. पळण्यात मागे पडली तशी कुणीतरी रस्त्याच्या कडेला सोडून दिली. प्राण्यांच्या आश्रमातली भित्री कुत्री माझ्याकडेच पाठवतात. सहा पोरं वाढवलीत मी आणि एकही चावत नाही, एवढा दाखला त्यांना पुरतो. पण सोमवारी माझा गुडघा बदलायचा होता. तोवर घर मिळालं नाही तर टॅन्सी परत आश्रमाच्या पिंजऱ्यात. तिथं ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि अन्नाला शिवत नाही. मागच्या वेळी बरगड्या मोजाव्यात अशी होऊन आली होती.

योस्टच्या आधी दोन घरांनी तिला नेऊन परत आणलं होतं. वाईट माणसं नव्हती. पहिली बाई हॅमचा तुकडा घेऊन टेबलाखाली रांगत गेली, "घे ना राणी, घे ना." राणीनं तिथंच मुतलं. दुसऱ्यांनी नव्या घोंगडीसकट परत आणली. म्हणाले, "हिला आमची माया लागत नाही." दोघांनाही मीच सांगितलं होतं, सोडू नका, विचारत राहा, तिसऱ्यांदा सगळेच हो म्हणतात.

योस्टनं चीजचा तुकडा मोडला आणि हात लांब केला. टॅन्सीनं तोंड फिरवलं.

"बरं," तो म्हणाला. तुकडा जमिनीवर ठेवला, आमच्याकडे पाठ केली आणि टोपलीचं बूड विणायला घेतलं.

"अहो, पुन्हा विचारा की तिला."

"ती नको म्हणाली, मिसेस हॅनली."

"पहिल्यांदा नकोच म्हणतात."

त्याचा हात थांबला. वळून त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती त्यात. "म्हणजे तुम्हाला चहा हवा होता?"

आता काय सांगणार? "नाही," मी म्हटलं. "मला तहान नाही."

"बरं."

तो पुन्हा विणायला लागला. फोक वाकवल्याचा आवाज तेवढा येत होता. बऱ्याच वेळानं खुर्चीमागून आधी नाक आलं, मग मान, मग त्या काड्यांसारख्या तंगड्या. हाक माझ्या ओठांवर आली होती, ती दाबून धरली. टॅन्सी चीज ओलांडून गेली. फोकांची मोळी हुंगली, त्याचा बूट हुंगला. तो विणत राहिला. परत फिरून तिनं तुकडा उचलला आणि उभ्याउभ्या खाल्ला. शाबास नाही, राणी नाही, काही नाही. ती मोळीजवळ जमिनीवर पसरली. माझ्या स्वयंपाकघरात इतक्या दिवसांत ती कधी अशी आडवी झाली नव्हती.

दाराशी असम्प्टा, माझी थोरली, गाडी घेऊन आली होती.

"चहा दिला का गं त्यानं?"

"विचारला."

"कितीदा?"

"एकदा."

"अगं बाई. मग कुत्री कुठाय?"

"राहू दे तिथंच."

"आई, दुखणं गुडघ्यातच आहे ना? का वर चढलं?"

"गाडी चालव," मी म्हटलं.

घरी जाऊन ओळीनं दोन कप चहा प्यायले. टॅन्सीचं पाण्याचं भांडं धुऊन फळीवर उपडं घातलं.

ऑपरेशननंतर काठीवर चालता यायला लागलं तशी योस्टकडे गेले. पिशवीत बेकनचा तुकडा होता, तिच्यासाठी सकाळी कुरकुरीत तळलेला. टॅन्सी शेकोटीपुढे गोणपाटावर पडली होती. डोकं उचलून तिनं मला पाहिलं, शेपूट जराशी आपटली आणि डोकं परत खाली ठेवलं. त्याच्या बुटावर.

"चहा घेणार?" योस्टनं विचारलं.

'छे' ओठांवर आलं होतं. गिळलं.

"हो," मी म्हटलं. लोकांच्या घरात पहिल्याच विचारण्याला हो म्हणायची माझी ही पहिली वेळ. त्याला काहीच वाटलं नाही. किटली ठेवली, कप आणला. दूध फार कमी घालतो.

मी बेकन काढून हात पुढं केला. टॅन्सीचं नाक हललं, पण ती उठली नाही. तोंड तिकडे वळवलं.

"बरं," मी म्हटलं. तुकडा जमिनीवर ठेवला, खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून चहा प्यायले.