बारा खांब आणि एक कोंबडा

आपण आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, हे रुगायाह दिवसातून दोनदा तरी लोकांना ऐकवायची. त्यामुळे साठाव्या वर्षी तिच्यावर अख्खं घर उचलायला माणसं मागायची पाळी आली, तेव्हा बेंडांग राया गावातल्या बऱ्याच जणांना मनातून गुदगुल्या झाल्या.

घर तिच्या वडिलांनी बांधलेलं, बारा लाकडी खांबांवर उभं आणि एकही खिळा नसलेलं. खालची जमीन मात्र चुलतभावाची. त्याने ती दुकानांच्या रांगेसाठी विकली आणि रविवारी खोदाईचं यंत्र येणार होतं. रुगायाहच्या नावावरचा तुकडा तिथून दोनशे पावलांवर, तामानच्या मागच्या भिंतीला लागून होता. तामान ही भातखाचरं बुजवून उभी राहिलेली नव्या लोकांची वसाहत. सगळी घरं एकसारखी, फाटकंही एकसारखी. तिला मक लांग, म्हणजे थोरली मावशी, म्हणणाऱ्या सुताराने घर पाहून नकारार्थी मान हलवली.

"सुटं केलंत तर सांधे पुन्हा बसायचे नाहीत, मक लांग. न्यायचं तर सबंध न्या."

सबंध घर न्यायची रीत जुनीच होती. खांबांना आडवे बांबू बांधायचे, खांद्यावर घ्यायचे आणि चालायचं. पण त्यासाठी घरमालकाने स्वतः दारोदार जाऊन बोलावणं करायचं आणि काम झालं की सगळ्यांना जेवू घालायचं. निरोप चालत नाही, फोन तर नाहीच नाही.

रुगायाहने जुन्या गावातलं एकूण एक दार गाठलं. तामानकडे मात्र ती फिरकली नाही. तिथे शुक्री नावाचा मास्तर राहायचा, सगळे त्याला चेगू, म्हणजे गुरुजी, म्हणत. त्याने तिच्या कोंबड्याविरुद्ध नगरपालिकेत दोन अर्ज दिले होते, कारण काय तर तो पहाटे चारला आरवतो. "मग काय दुपारी अकराला आरवावं त्याने?" असं तिने मास्तराला भर बाजारात विचारलं, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

शुक्रवारी सकाळी अंगणात फणसाची गुलाई, नारळाच्या दुधातला रस्सा, रटरटत होती. गावात घर उचलायचं झालं की हाक द्यायचा मान तोक जुसोहचा. ऐंशीच्या घरातला हा म्हातारा माणसं मोजत फिरत होता.

"नव्वद खांदे पाहिजेत, रुगायाह."

"आलेत किती?"

"एक्कावन्न. त्यातले अकरा माझ्या वयाचे. त्यांना उचलायलाच चौघं लागतील."

तरी करून बघायचं ठरलं. रिवाजाप्रमाणे रुगायाह घरात मधोमध बसली, पुढ्यात काठोकाठ भरलेला पाण्याचा वाडगा. पाणी ज्या बाजूला कलेल ती बाजू खाली. तिने आतून ओरडायचं आणि त्या बाजूच्यांनी जोर लावायचा. आढ्याला टोपलीत कोंबडा टांगलेला होता. तोक जुसोहने हाक दिली. पूर्वेकडची बाजू वीतभर उचलली गेली, पश्चिमेकडची हलायला तयार नाही. लाकूड कण्हलं. निम्मं पाणी रुगायाहच्या कमरेच्या सारोंगवर सांडलं आणि घर धप्पकन जागेवर बसलं.

"गावात माणसंच उरली नाहीत," ती खाली उतरून म्हणाली.

"माणसं ढीगभर आहेत. तू बोलावली नाहीस." तोक जुसोहने हनुवटीने तामानच्या भिंतीकडे खूण केली. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर चढून तिथून तीसचाळीस डोकी इकडेच बघत होती. "बिनबोलावता कोण येईल? त्यांनाही मान आहे."

रुगायाहला लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. तिथे कुणी नाही म्हणालं, तर आयुष्यभराची ऐट त्या फाटकात गळून पडणार होती. तिने वळून वडिलांनी तासलेल्या खांबांकडे पाहिलं आणि ओल्या सारोंगनिशी निघाली.

शुक्रीने पहिल्या हाकेलाच दार उघडलं. अंगात जुना सदरा, खांद्यावर टॉवेलची घडी. सकाळपासून तयार होऊन बसला असावा.

"घर उचलायला या," ती म्हणाली. "जेवायला भात आणि फणसाची गुलाई आहे."

"आणि कोंबडा?"

"कोंबडा आरवणार. खोटं कशाला बोलू?"

"घर ठेवणार कुठे?"

"तुमच्या मागच्या भिंतीपाशी."

"म्हणजे माझ्या झोपायच्या खिडकीखाली."

"हो."

शुक्रीने चपला पायात सरकवल्या. "चला, बाकीच्या दारांवर मी बरोबर येतो. एकट्या गेलात तर वाटेत आणखी दोघांशी भांडाल."

दोघांनी बेचाळीस दारं केली. एकाही दारातून नकार आला नाही. टायरवाला लिम दोन मुलगे आणि भाचा घेऊन आला, लॉरीवाल्या मुनियांडीने बांबू बांधायला जाडजूड दोर आणले. तोक जुसोहने पुन्हा मोजणी केली आणि आकडा नीट ऐकू जावा म्हणून दोनदा सांगितला: एकशे तेरा.

वाडगा भरला गेला. हाक आली, आणि बारा खांब एकदम जमिनीवेगळे झाले. खिडकीतून आंब्याचं झाड मागे सरकताना दिसलं.

"पश्चिम वर!" ती ओरडली. "पश्चिम! मास्तर, तुमची बाजू झोपली!"

"पहाटे चारला उठवता, मग झोपणारच," खालून उत्तर आलं, आणि हसण्याने सगळं घर हिंदकळलं.

जुना पाट आला तेव्हा पुढच्या रांगेने गुडघाभर चिखलात उतरून बांबू डोक्यावर तोलला. खाचरात वाढलेल्या म्हाताऱ्यांनी, पाय कसा रोवायचा ते तामानच्या ऑफिसवाल्यांना ओरडून शिकवलं. पाणी हललं, पण सांडलं नाही. शेवटी बारा खांब बारा दगडांवर टेकले. रुगायाह वाडगा घेऊन दारात आली आणि तो उंच धरून सगळ्यांना दाखवला. तिला रडू फुटलं, ते तिने लपवलं नाही. खाली एकशे तेरा माणसं एकमेकांच्या खांद्यांवर थापा मारत ओरडत होती.

तेवढ्यात टोपलीतल्या कोंबड्याने खणखणीत बांग दिली. सगळ्यांच्या नजरा शुक्रीकडे वळल्या. त्याने चिखल पुसून घड्याळ पाहिलं.

"बरोबर अकरा," तो म्हणाला. "माझ्या अर्जावर कारवाई झाली म्हणायची."

रुगायाहने पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवलं.

"चेगू," ती म्हणाली, "उद्या पायऱ्या बसवायच्या आहेत. याल?"