वाळूवरचा थर

निवृत्तीनंतर माणसं नातवंडं सांभाळतात, बागेत फिरतात. आमचे हे मात्र परदेशातल्या एका मुलींच्या वसतिगृहात पाणी गाळायची टाकी बांधायला निघाले, तेही फुकट. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायलाच जन्म झालाय तुमचा," असं म्हणून मी माझीही बॅग भरली. यांना एकटं सोडायची सोय नाही. पर्यावरण अभियंता म्हणून ज्ञान भरपूर, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

तिथल्या मुली ओढ्याचं पाणी प्यायच्या आणि सारख्या पोटाने आजारी पडायच्या. यांनी सिमेंटची टाकी बांधली, तळाला खडी, वर बारीक वाळू. पाणी हळूहळू झिरपत राहिलं की वाळूवर एक बुळबुळीत थर धरतो. तो जिवंत असतो आणि तोच रोगजंतूंचा फडशा पाडतो, हे मी चहा पिताना इतक्यांदा ऐकलंय की आता परीक्षेला बसेन. वसतिगृहाच्या बाईंना मात्र यांनी नुसती स्वच्छताच शिकवली. हात धुवा, हंडे घासा, टाकीपाशी घाण नको. थराचं सांगायचं राहूनच गेलं.

उद्घाटनाच्या सकाळी बाई हसत आम्हाला टाकीकडे घेऊन गेल्या. पाहुणे येणार म्हणून त्यांनी आणि मोठ्या मुलींनी सगळी वाळू उपसून धुतली होती, टाकी घासून लख्ख केली होती. बाईंची बोटं सोलवटली होती.

यांनी कपाळावर हात मारला आणि मग जे तोंड सोडलं! "कुणी सांगितलं होतं हात लावायला? अक्कल गहाण टाकली होती का?" ओरडले आपल्या भाषेत, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. बाई मुलींसमोर मान खाली घालून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी राग उतरला. यांनी इंग्रजीत माफी मागितली, सगळं समजावलं. नळ बारीक चालू ठेवा, थर पुन्हा धरेल, तोवर पाणी उकळून द्या. बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. मला तेव्हाच वाटलं, ही मान ऐकणाऱ्याची नाही, भ्यालेल्याची आहे. पण आमच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. आम्ही निघालो.

काही महिन्यांनी यांनी व्हिडिओ कॉल लावला. बाईंनी आधी टाकीच दाखवली. वर जाळी, जाळीला कुलूप.

"तुम्ही गेल्यापासून कुणाला हात लावू दिला नाही. नळसुद्धा बंद ठेवलाय."

"मग मुली पाणी कुठलं पितात?" मी विचारलं.

"ओढ्याचंच. दोघी दवाखान्यात आहेत."

यांचा चेहरा मला बघवेना. "बाई, ते कुलूप काढा हो," ते म्हणाले. इतक्या मऊ आवाजात मी त्यांना जन्मात बोलताना ऐकलं नव्हतं. तो मऊपणा तिकडे काही पोचला नाही. बाई फोनपासून जरा मागे सरकल्या आणि मला विचारू लागल्या, "साहेब पुन्हा रागावलेत का?"